थिनरचा डबा आधी बाजूला ठेवा

प्रश्न

काका, नमस्कार. पेणजवळ हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना आहे. लग्न होऊन आल्यावर मी रंगकाम शिकले आणि गेली चार वर्षं डोळ्यांचं आणि शेडिंगचं काम माझ्याकडे आहे. तीन एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे) वापरते. एक बारीक, वर कप असलेला, ०.२ मिलीमीटर तोंडाचा, डोळ्यांसाठी आणि सोंडेच्या शेडसाठी. दुसरा खाली बाटली लागणारा, पितांबर-शेल्यासाठी. तिसरा सासऱ्यांचा जुना, त्याचं बटण नुसतं खाली दाबायचं असतं. रंग बहुतेक पाण्यातले, थोडे मोती रंग, क्वचित ऑइलचे. रोज रात्री तिन्ही ब्रश पूर्ण खोलते आणि सकाळपर्यंत थिनरच्या डब्यात बुडवून ठेवते. तरी बारीक ब्रश थुंकतो, कपात बुडबुडे येतात, आणि बटण दाबलं की वर येत नाही, बोटाने उचलावं लागतं. मागच्या वर्षी नवीन घेतला, तोही दोन महिन्यांत तसाच झाला. घरात म्हणतात, तुझा हात जड आहे. चतुर्थीला सहा आठवडे उरलेत. पुन्हा नवीन घेऊ का?

उत्तर

ताई, नवीन घेऊ नका. आणि पुढचं वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवा: हात जड असता तर चार वर्षं डोळ्यांचं काम तुमच्याकडे राहिलंच नसतं. मी पंचवीस वर्षं एअरब्रश खोलतो-जोडतो आहे. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं मी शेकडो वेळा पाहिली आहेत आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात काळजी घेणाऱ्या माणसांच्या ब्रशात दिसतात. निष्काळजी माणसाचा ब्रश रंग वाळून बंद पडतो. तुमचा बिघडला तो रात्रीच्या थिनरच्या डब्याने.

एअरब्रश बाहेरून सगळा धातूचा दिसतो, पण आत दोन-तीन जागी मऊ वस्तू बसवलेल्या असतात. एक बटणाच्या खाली: तिथे हवेचा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे एक छोटा दांडा, त्याची स्प्रिंग आणि दांड्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढी रबरी रिंग. दुसरी कप आणि बटण यांच्या मधल्या भिंतीत, जिथून नीडल, म्हणजे रंगाची वाट उघडणारी लांब सुई, आरपार जाते. रंग मागे येऊ नये म्हणून तिथे पॅकिंग असतं. चांगल्या ब्रशात ते टेफ्लॉनचं असतं आणि त्याला थिनरने काही होत नाही. स्वस्त ब्रशात बऱ्याचदा तिथेही रबरच असतं. तिसरी जागा पुढच्या हेडच्या बुडाशी, सगळ्या ब्रशात नसते.

साधं रबर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरमध्ये रात्रभर ठेवलं की भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं. सकाळी तुम्ही ब्रश जोडता तेव्हा फुगलेली रिंग व्हॉल्व्हच्या दांड्याला आवळून धरते. बटण दाबायला तुमच्या बोटात जोर आहे, पण वर ढकलायला त्या इवल्याशा स्प्रिंगमध्ये नाही. म्हणून बटण खालीच राहतं. दिवसभरात थिनर उडून जातो, रिंग आकसते आणि जरा कडक होते. रात्री पुन्हा फुगते. महिना-दोन महिने हे चाललं की तिला चिरा पडतात. मागच्या वर्षीचा नवीन ब्रश बरोबर दोन महिन्यांत गेला, त्याचं कारण हेच.

डबा आणखी एक नुकसान करतो, ते दिसत नाही. एअरब्रशाच्या पुढच्या अर्ध्यात रंग असतो. मागच्या अर्ध्यात बटण, स्प्रिंगा, नीडल आवळायचा नट, एवढंच. तिथे रंग कधीही जायला नको. आख्खी बॉडी डब्यात बुडवली की पुढचा सुटलेला रंग थिनरबरोबर मागे जातो, थिनर उडतो आणि रंगाचा चिकट थर बटणाच्या खोबणीत बसतो.

आणि तुमचे रंग तर बहुतेक पाण्यातले आहेत. आज एक करून बघा. एका वाटीत ओल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा थेंब घ्या, वर दोन थेंब थिनर टाका आणि काडीने ढवळा. रंग विरघळण्याऐवजी त्याची रबरासारखी गोळी होईल आणि काडीला तार धरेल. तीच गोळी रोज रात्री तुमच्या नोझलच्या, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या टोकाच्या, आत तयार होते. पाण्यातला रंग ओला आहे तोवर त्याला पाणीच हवं. वाळल्यावर त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं किंवा एअरब्रशाचा तयार क्लीनर चालतो. थिनर फक्त ऑइलच्या आणि एनसी रंगाला, तोही ब्रशातून फवारून काढायला. एकाच ब्रशात पाण्याच्या रंगावरून ऑइलच्या रंगावर जायचं असेल तर मध्ये पाणी, मग अल्कोहोल, मग थिनर, या क्रमाने जा. परत येताना उलट क्रम. मधलं अल्कोहोल गाळलं की गोळी झालीच म्हणून समजा.

आता दुरुस्ती. ती बारीक ब्रशापासून सुरू करू. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा, म्हणजे पडलेला भाग घरंगळणार नाही आणि दिसेल.

मागची नळी (हँडल) काढा, नीडल आवळणारा नट सैल करा आणि नीडल हलकेच मागे ओढून काढा. नीडल नेहमी नोझलच्या आधी निघाली पाहिजे. ती आत असताना नोझल फिरवलं तर नीडलचं जाड अंग नोझलच्या तोंडाला आतून फाकवतं. नीडल अडली तर पक्कड लावू नका. कपात कोमट पाणी किंवा अल्कोहोल घालून अर्धा तास थांबा, मग गोल फिरवत ओढा. एवढ्या वेळात चहा प्या, पण पक्कड लांब ठेवा.

नीडल हातात आली की तिचं टोक अंगठ्याच्या नखावर आडवं टेकवा आणि फिरवत फिरवत आपल्याकडे ओढा. सरळ नीडल गुळगुळीत सरकते. वाकलेली एका बाजूला खरवडते, नखावर बारीक पांढरी रेघ उठते. डोळ्याला न दिसणारा बाकसुद्धा नखाला कळतो. रंग थुंकण्याचं निम्मं कारण या बाकात असतं: नीडल नोझलमध्ये मधोमध बसत नाही, एका बाजूला रंग साठतो आणि थेंब होऊन सुटतो. बाक थोडा असेल तर नीडल काचेवर आडवी ठेवा, टोकावर लाकडी पट्टीचा सपाट भाग दाबा आणि नीडल हळू फिरवत ओढा. मग २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिमटीत धरा आणि नीडल फिरवत टोकाच्या दिशेने चार-पाच वेळा ओढा. आकडी झाली असेल किंवा टोक तुटलं असेल तर नवीन नीडल घ्या. तुटक्या टोकाला घासून आकार देत बसू नका, ०.२ च्या नीडलचा उतार हाताने परत येत नाही.

बुडबुड्यांचं मूळ नोझलपाशी आहे. कपात रंगाची वाट आणि हेडमध्ये हवेची वाट वेगळी असते. त्या दोन वाटा नोझलच्या टोकाबाहेर भेटायला हव्यात, आत भेटल्या की हवा उलटी कपात चढते. आत भेटण्याची कारणं बहुतेक तीन: नोझल किंवा पुढची टोपी सैल आहे, नोझलच्या आट्यातून हवा गळते आहे, किंवा नोझल चिरलं आहे. कपात साधं पाणी घाला आणि बटण फक्त खाली दाबा, मागे ओढू नका. बुडबुडे आले तर आधी टोपी बोटाने घट्ट करा. तरी आले तर नोझल काढून भिंगाखाली धरा, मागून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश टाका. तोंड गोल दिसलं पाहिजे. तुतारीच्या तोंडासारखं पसरलेलं दिसलं, किंवा कडेला केसासारखी काळी रेघ दिसली, तर ते गेलं. तोंड चांगलं असेल तर आट्यांना मधमाशीच्या मेणाचं नुसतं बोट लावा आणि पुन्हा बसवा. गळती थांबते. मेण टोकाकडे जाऊ देऊ नका.

हे नोझल बसवताना जपा. तुमच्यासारख्या जपानी धाटणीच्या बारीक ब्रशात ते चिमुकल्या पान्याने फिरवायचं असतं आणि त्याच्या आट्या शेवयांहून बारीक असतात. बोटाने फिरेल तेवढं फिरवा, मग पान्याने एक नाजूक ओढ. त्याहून जास्त आवळलं की नोझल आट्यांपाशी मोडतं आणि मोडका तुकडा बॉडीत अडकतो. म्हणूनच रोज नोझल काढणं मला मान्य नाही. रोज खोलणं ही स्वच्छता वाटते, पण त्यात आट्यांची झीज होते. आणि सहा आठवड्यांच्या घाईत, रात्री अकराला, थकलेल्या हाताने पान्याची ती ओढ एखाद्या दिवशी चुकतेच.

सगळ्या ब्रशांची रचना अशी नसते हेही सांगून ठेवतो, कारण पुढे कधी घेताना उपयोगी पडेल. इवाटाच्या इक्लिप्स मालिकेत नोझलला आट्याच नसतात, ते नुसतं जागेवर बसतं आणि टोपी त्याला धरून ठेवते. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकचंही तसंच, पाना लागत नाही. वारंवार खोलणाऱ्या माणसाने असाच ब्रश घ्यावा असं माझं मत आहे.

नोझलच्या आतला वाळका रंग काढायला शिवणाची सुई, टाचणी, तार काहीही घालू नका. मी शिकत होतो तेव्हा हे केलं आहे. एका ज्येष्ठ चित्रकाराचा ब्रश माझ्याकडे होता, नोझल बंद होतं आणि मी सुई घातली. हाताला काहीही जाणवलं नाही, इतकं ते पितळ मऊ असतं. फवारा मात्र त्या दिवसापासून डावीकडे जाऊ लागला. भिंगाखाली पाहिलं तर तोंडाला एक चीर. ते नोझल तेव्हा मिळेना, आणि त्यांचं काम तीन आठवडे अडलं. त्या तीन आठवड्यांतला त्यांचा गप्प चेहरा मला आजही आठवतो. नोझल एका झाकणात अल्कोहोल घेऊन त्यात तासभर ठेवा (नुसता धातू आहे, त्याला भिजणं चालतं), मग टिश्यूचा कोपरा ओला करून सुतासारखा पिळा आणि मागच्या रुंद बाजूने आत घालून फिरवा. मेडिकलमध्ये दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रशही चालतो.

आता बटण. बॉडीच्या खाली जिथे हवेची नळी लागते तो भाग फिरवला की व्हॉल्व्ह बाहेर येतो: दांडा, स्प्रिंग, रिंग. क्रम चुकू नये म्हणून निघतील तसे ओळीत मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. रिंग फुगलेली, चपटी किंवा चिरलेली दिसेल. ती बदला. ओ-रिंग विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग आणि याच व्हॉल्व्हचा दांडा सोबत न्या, त्यावर घालून बघूनच घ्या. पाच-सहा एकदम आणा. नवीन रिंगला ग्लिसरिनचा अगदी पुसट हात द्या. मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे तिथे नको. तो पुढे सरकून रंगात मिसळला की मूर्तीवर रंग फाटतो, मधे गोल टिकल्या उघड्या पडतात, आणि त्या टिकल्या नेमक्या गालावर येतात. बटणाची खोबण अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, तो जुना थर सुटेल.

जोडताना आधी नोझल, मग टोपी, सगळ्यात शेवटी नीडल. नीडल सरकवत न्या, ती अडली की तिथे थांबा आणि नट आवळा. आणखी घट्ट बसावी म्हणून ढकलली की पुन्हा नोझल फाकतं.

आता रोजचं, कारण तुमची खरी सुटका तिथे आहे. वर कप असलेल्या ब्रशात रंग आपल्या वजनाने खाली येतो, वाट तोकडी असते, धुवायला दोन मिनिटं पुरतात. रंग बदलताना उरलेला रंग काढून घ्या, कपात पाणी घाला, मऊ कुंचल्याने कपाचं बूड आणि भोक हलवा आणि जुन्या कपड्यावर फवारा. मग पाणी पुन्हा भरा, पुढची टोपी अर्धा फेरा सैल करा आणि बटण दाबून मागे ओढा. हवा उलटी कपात येईल, पाणी खदखदेल आणि आत दडलेला रंग वर येईल. आधी ज्या बुडबुड्यांना आपण दोष म्हटलं तेच इथे कामाला लावायचे. बरेच जण टोकावर बोट दाबून हे करतात. ०.२ च्या ब्रशाला तसं करू नका, नीडलचं टोक बोटातही जातं आणि वाकतंही. असं तीनदा, शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग टोपी घट्ट.

रात्री एवढंच करायचं आणि वर एक काम: नीडल काढून ओल्या कपड्याने मागून टोकाकडे पुसायची, परत घालायची. नोझल नाही, व्हॉल्व्ह नाही, काही नाही. नोझल काढायचं ते फवारा बिघडला तरच, नाहीतर पंधरा दिवसांनी एकदा.

आणि दिवसभरात ब्रश वाळतो कधी, तर कोणी हाक मारली, गिऱ्हाईक आलं, फोन वाजला की. त्या पाच-दहा मिनिटांत टोकावर रंगाची कातडी धरते आणि परत आल्यावर पहिला थेंब थुंकून पडतो. उठताना कपात चार थेंब पाणी टाकून एक फवारा मारायची सवय लावा. जवळ एक ओला मऊ कुंचला ठेवा आणि डोळ्याचं काम करताना दर काही मिनिटांनी नीडलचं टोक त्याने पुसा. डोळ्याला ब्रश लावण्याआधी प्रत्येक वेळी कागदावर एक फवारा मारून बघा. हे तुम्ही करत असालच, पण घाईत हेच आधी सुटतं.

बाटलीवाल्या ब्रशाचं दुखणं वेगळं. तो रंग हवेच्या ओढीने वर खेचतो, त्यामुळे वाट लांब: बाटली, झाकणातली नळी, मग बॉडी. बाटलीत साधं पाणी लावून फवारलं आणि स्वच्छ पाणी आलं तरी नळीच्या भिंतीला रंग राहतो. ती बारीक लांब ब्रशाने आतून घासा, बाटली साफ करायचे जे तारेचे ब्रश मिळतात त्यातला सगळ्यात लहान. झाकणावर एक टाचणीएवढं भोक असतं, ते बघा. बाटलीतला रंग कमी होतो तशी हवा त्या भोकातून आत जायला हवी. तिथे रंग वाळला की ब्रश दहा सेकंद छान चालतो आणि मग दम लागल्यासारखा थांबतो. पितांबराच्या मधोमध रंग तुटतो तो बहुतेक यानेच. या भोकात सुई घातलेली चालते, तो झाकणाचा पत्रा आहे. बाटलीच्या ब्रशाला हवाही जास्त लागते, २५ ते ३० पीएसआय (दाबाचं माप, काट्यावर दिसतं) द्या. बारीक ब्रशाला १५ ते २० पुरे. काटा वाचायचा तो बटण दाबलेलं असताना, कारण हवा सुटताच दाब खाली येतो.

सासऱ्यांच्या ब्रशाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या मते तुमच्या घरातला सगळ्यात भरवशाचा ब्रश तोच असावा. अमेरिकेच्या पाशे कंपनीचा 'एच' या धाटणीचा असतो, त्यात हवा आणि रंग ब्रशाच्या बाहेर मिसळतात. बटण फक्त हवा सोडतं, रंग किती यायचा ते पुढच्या शंकूसारख्या टोकावर फिरवून ठरवायचं. तुमचा तसाच असेल तर रंग ब्रशाच्या बॉडीत कधी शिरतच नाही. म्हणजे खोलायचं काय, तर टोक आणि त्याचा शंकू, दोन मिनिटांत. धुऊन कपड्याने पुसा, पाण्याची बाटली लावून फवारा, झालं. त्याच्या बॉडीला रात्री डब्यात बुडवणं म्हणजे कोरड्या घराला पाण्याने भरणं. हा ब्रश बारीक रेघ देणार नाही. पण मोती रंग, जाड बॉडी कलर, आसनाचा रंग, हे सगळं त्याच्यावर टाका आणि बारीक ब्रशाचा भार हलका करा.

मोती रंग ०.२ च्या ब्रशात घालत असाल तर आजपासून बंद करा. मोती रंगात अभ्रकाचे पापुद्रे असतात, नेहमीच्या प्रतीत साधारण १० ते ६० मायक्रॉनचे. नोझलचं भोक २०० मायक्रॉनचं आहे खरं, पण त्या भोकात नीडल उभी असते, उरलेली फट पापुद्र्याएवढीच राहते. चार पापुद्रे आडवे झाले की वाट बंद. मोती रंगाला ०.५ किंवा मोठं नोझल हवं. डिस्टेंपरचंही तेच, त्यात खडू असतो. पाण्यातला कुठलाही रंग कपात जाण्याआधी जुन्या नायलॉन साडीच्या तुकड्यातून गाळा. सुती कापड नको, त्याचे धागे सुटतात आणि नोझलच्या तोंडावर एक धागा पुरेसा असतो.

आता पावसाबद्दल, कारण तुमचं सगळं रंगकाम नेमकं आषाढ-श्रावणात येतं. ब्रश दुरुस्त झाला तरी थुंकत राहिला तर शंका पाण्याची घ्या. ३० अंश तापमानाच्या ओल्या हवेत एका घनमीटरमागे जवळजवळ ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं. कॉम्प्रेसर ती हवा दाबतो, ती गरम होते, टाकीत आणि नळीत थंड होते आणि पाणी सुटतं. ते पाणी नळीतून सरकत ब्रशापर्यंत येतं. ओळखायचं कसं? रंग न घालता आरशावर नुसती हवा मारा. बारीक शिंतोडे दिसले तर पाणी आहे. मूर्तीवर रंगाचा थेंब पडला तर तो गडद ठिपका होतो. पाण्याचा पडला तर मधला रंग धुतला जातो आणि भोवती गडद कडं उरतं. टाकीच्या खालची कॉक दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा उघडून पाणी सोडा. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावलेला असेल तर तो काढून नळीच्या दुसऱ्या टोकाकडे, हाताजवळ लावा. कॉम्प्रेसरपाशी हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून निघून जातं आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब बनतं.

थिनरबद्दल शेवटचं, आणि हे मी काळजीने लिहितो आहे. पावसाच्या दिवसांत कारखान्याला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलेलं असतं. त्यात रात्रभर उघडा डबा म्हणजे थिनरची वाफ आत कोंडते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि जमिनीवरच कोणी झोपलेलं असतं, तिथेच समई किंवा मच्छर अगरबत्ती पेटलेली असते. थिनर बंद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवा, राहत्या जागेबाहेर. ऑइलच्या रंगाचा ब्रश धुताना हवेत फवारू नका. एक रुंद तोंडाची बरणी घ्या, झाकणाला ब्रश जाईल एवढं भोक पाडा, वाफ निघायला दुसरं भोक पाडून त्यात कापूस भरा आणि त्या बरणीत फवारा. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, कोळशाची काडतुसं असलेला मास्क लागतो. तो एक घ्या. नवीन ब्रशासाठी काढलेल्या पैशातून आधी तो घ्या, मग ०.२ ची नीडल आणि नोझल (जोडीनेच, जुन्या नोझलला नवीन नीडल नीट बसत नाही), ओ-रिंगा, दहा पटीचं भिंग, ग्लिसरिनची बाटली आणि अल्कोहोल. नीडल-नोझल मागवताना ब्रशाचा मॉडेल नंबर बघा, ०.२ आहे म्हणून कुठलंही बसत नाही.

देवीच्या मूर्ती करत नसाल तर पितृपक्षात तिन्ही ब्रश एकदा पूर्ण खोला. भाग धुऊन, पुसून दोन दिवस पंख्याखाली कोरडे होऊ द्या, रिंगांना ग्लिसरिन लावा, आणि जोडून नीडल दोन मिलीमीटर मागे ठेवून नट आवळा, म्हणजे ती वर्षभर नोझलमध्ये रुतून बसणार नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कोकणच्या हवेत त्या स्प्रिंगा गंजतात.

आज रात्री बारीक ब्रश फक्त पाण्याने धुवा, नीडल पुसा आणि कोरड्या कपड्यावर आडवा ठेवा. उद्या सकाळी बटण थोडं तरी मोकळं झालेलं असेल, कारण रिंगेतला थिनर उडून गेलेला असेल. नवीन रिंग घातल्यावरही बटण अडलं, तर व्हॉल्व्हच्या तिन्ही भागांचा फोटो काढून पाठवा. दांडा वाकला आहे का ते त्यात दिसेल.